कोंड्याचा मांडा : कारखान्यांच्या टाकाऊ मालातून उभा राहणारा उद्योग



‘कोंड्याचा मांडा करणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाने आपल्या संसारातून घडविला. घरात सपीठ नाही म्हणून रडत न बसता जो कोंडा हाताशी आहे त्यातूनच मांड्याची गोडी निर्माण करणारी गृहिणी त्यामागे उभी आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय या गृहिणीच्या स्वभावाशी जवळचे नाते सांगणारा आहे. कारखान्याच्या मागील दाराने बाहेर पडणारा निरुपयोगी माल, म्हणजे फाटक्या ताडपत्र्या, वापरलेल्या जंबो बॅगा, टायरच्या ट्यूब, वाहनांचे पट्टे, चकचकीत वेष्टने, यांपासून देखण्या पिशव्या, पाकिटे, कमरपट्टे आणि दप्तरे तयार करण्याचा उद्योग जगात आणि आपल्या महाराष्ट्रातही उभा राहिला आहे. त्याचे कौतुक बरेच होते. त्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. कुपवाडसारख्या कष्टकरी गावात कौतुकापेक्षा हिशेबाला अधिक मान असल्याने आज दोन्ही गोष्टी समोर ठेवणे योग्य ठरेल.

जुनीच रीत, नवे नाव

पाश्चात्त्य जगात या उद्योगाला ‘अपसायकलिंग’ असे नाव आहे. १९९४ साली रायनर पिल्झ या जर्मन गृहस्थांनी एका मुलाखतीत हा शब्द वापरला. जुन्या विटा फोडून त्यांचा चुरा करण्याला लोक पुनर्वापर म्हणतात, पण त्यात वस्तूचे मूल्य घसरते; जुन्या वस्तूचे मूल्य वाढेल अशी प्रक्रिया हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे २००२ साली विल्यम मॅकडोनो आणि मायकेल ब्राउनगार्ट यांच्या पुस्तकाने हा विचार जगभर नेला.

शब्द नवा असला तरी रीत आपल्या घरातली आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून बारीक टाक्यांनी शिवलेली वाकळ सांगली-सातारा भागातील प्रत्येक घरात होती. आजीचे नऊवारी, आईचे लग्नातले पातळ आणि लेकराचे झबले एकाच वाकळेत येत आणि त्या वाकळेखाली पुढची पिढी झोपत असे. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई. तेलाच्या रिकाम्या डब्याची चिमणी होई, टायरच्या तुकड्याचा चपलेचा तळ होई. गाडगेबाबांनी तर चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन आणि हातात खराटा धरून गावोगावी स्वच्छतेचा धडा दिला. त्यांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते याच चिंध्यांच्या वस्त्रामुळे. वस्तूचा शेवटचा धागा झिजेपर्यंत तिचा उपयोग करणे ही आपल्याकडे काटकसर होती आणि संस्कारही होता.

मग बिघडले काय? वस्तू बदलल्या. सुती लुगडे मातीत कुजते, तागाचे पोते कुजते. प्लास्टिकचा थर दिलेली ताडपत्री कुजत नाही. प्लास्टिकच्या पातळ पडद्यांत ॲल्युमिनियमचा थर दडवलेले वेफर्सचे पाकीट भंगारवालाही उचलत नाही, कारण त्याचे थर वेगळे करणे परवडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ या वर्षात देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. कायद्याने काही वस्तू थांबल्या. कारखान्यांत आणि मालवाहतुकीत वापरले जाणारे टिकाऊ प्लास्टिक मात्र सुरूच राहिले, कारण त्याशिवाय व्यवहार चालत नाही. त्याचे आयुष्य संपल्यावर काय करायचे, हा प्रश्न बंदीने सुटणारा नाही.

झुरिकचे भाऊ आणि लंडनचे अग्निशामक

या उद्योगाची पहिली ठळक कहाणी स्वित्झर्लंडमधील आहे. १९९३ साली झुरिक शहरात मार्कुस आणि डॅनियल फ्रायटाग हे दोन भाऊ राहत होते. दोघेही आरेखनकार. सायकलवरून फिरताना पावसात कागद भिजू नयेत अशी पिशवी त्यांना हवी होती. त्यांच्या घरासमोरून रंगीबेरंगी ताडपत्र्या घातलेले मालट्रक दिवसभर धावत. त्या ताडपत्रीचे कापड, मोटारीच्या आसनपट्ट्याचा बंद आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची किनार, एवढ्या सामग्रीतून त्यांनी पहिली पिशवी शिवली. आज त्यांची पिशवी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

त्या यशाचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. ताडपत्रीवरील अक्षरांचे आणि रंगांचे जे तुकडे कापताना हाती येतील तेच पिशवीवर दिसतात. त्यामुळे कोणतीही दोन दप्तरे एकसारखी नसतात. ओरखडे लपवले जात नाहीत. रस्त्यावर वर्षानुवर्षे ऊन-पाऊस सोसल्याची ती खूण असते आणि गिऱ्हाईक त्या खुणेसाठीच पैसे मोजते. मळलेल्या ताडपत्र्या धुण्यासाठी त्यांच्या कारखान्यात पावसाचे साठविलेले पाणी वापरले जाते. टाकाऊ मालाचा दोष हाच त्याचा दागिना ठरविण्याची ही दृष्टी त्या भावांची खरी भांडवली गुंतवणूक होती.

दुसरी कहाणी लंडनची. २००५ साली क्रेसे वेसलिंग यांना समजले की लंडनच्या अग्निशमन दलाचे निकामी झालेले रबरी नळ जमिनीत पुरले जातात. ज्या नळांनी अनेक वर्षे आगी विझविल्या, त्यांचा शेवट असा व्हावा हे त्यांना पटेना. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘एल्व्हिस अँड क्रेसे’ या नावाने त्या लाल नळांपासून कमरपट्टे आणि पिशव्या बनविण्यास आरंभ केला. नळांच्या मालापासून होणाऱ्या नफ्यातील अर्धा वाटा अग्निशामक जवानांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला देण्याचा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. कालांतराने लंडनचे निकामी नळ पुरण्याची वेळच येईनाशी झाली. २०१७ साली बर्बेरी या प्रख्यात घराण्याच्या प्रतिष्ठानाशी त्यांचा करार झाला आणि पाच वर्षांत किमान १२० टन चामड्याचे कातरण वापरात आणण्याचे ठरले.

या दोन्ही उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. दोघांनीही ‘कचरा’ अशा मोघम शब्दाने काम सुरू केले नाही. एकाने ताडपत्री निवडली, दुसऱ्याने नळ निवडला. एकाच जातीचा, सतत मिळणारा, टिकाऊ माल त्यांनी हेरला आणि त्याचे स्वभावधर्म वर्षानुवर्षे अभ्यासले.

पुण्याचा चरखा

आता महाराष्ट्राकडे येऊ. पुण्यात अमिता देशपांडे आणि नंदन भट यांनी ‘आरोहणा’ नावाने असा उद्योग सुरू केला. पुढे दोघांनी स्वतंत्र वाटा धरल्या. देशपांडे यांचा ‘रीचरखा’ आणि भट यांचा ‘इकोकारी’ हे दोन्ही उपक्रम पुण्यातून चालतात. अमिताताई काही वर्षे अमेरिकेत राहून मायदेशी परतल्या होत्या. १९५४ च्या मुक्तिसंग्रामामुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या दादरा-नगर हवेलीतील वनवासी भगिनींना त्यांनी या कामात सामील करून घेतले.

त्यांची पद्धत डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या पिशव्या, बिस्किटांची व वेफर्सची वेष्टने, जुन्या ध्वनिफिती व चित्रफिती गोळा होतात. त्या धुऊन उन्हात वाळविल्या जातात. मग कात्रीने त्यांच्या लांब पट्ट्या कापल्या जातात. या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून कांड्या भरतात आणि हातमागावर आडव्या धाग्याच्या जागी त्या विणल्या जातात. उभा धागा नेहमीच्या सुताचा राहतो. भट्टी लागत नाही, वितळवणे नाही, रंग देणे नाही. वेष्टनाचा जो रंग तोच कापडाचा रंग. या कापडाच्या मग पिशव्या, दप्तरे, पाकिटे शिवली जातात.

या प्रक्रियेत प्लास्टिक वितळत नसल्याने विषारी धूर होत नाही, विजेची गरज नाममात्र राहते आणि मुख्य म्हणजे प्रत्येक टप्प्यावर माणसाचा हात लागतो. यंत्रमागांच्या स्पर्धेत हातमाग मागे पडला, विणकराच्या मुलाने माग मोडीत काढला, हा आपल्या भागाचाही अनुभव आहे. विट्याच्या आणि इचलकरंजीच्या लोकांना तो वेगळा सांगायला नको. यंत्रमागाला हा ठिसूळ, असमान पट्ट्यांचा आडवा धागा मानवत नाही. हातमाग मात्र तो सांभाळून घेतो, कारण त्यामागे बसलेल्या माणसाला कुठे सैल सोडायचे आणि कुठे ठोकायचे ते कळते. ज्या साधनाला जगाने कालबाह्य ठरविले त्यालाच नव्या काळाचा कचरा विणण्याचे काम मिळाले.

पुण्यातच अनीश मालपाणी या तरुणाने वेफर्सच्या पाकिटांपासून गॉगल बनविण्याचे तंत्र प्रयोगशाळेत विकसित केले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते गॉगल ‘विदाउट’ या नावाने बाजारात आणले. या कामाची पार्श्वभूमीही पुण्याला आहे. तेथे १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली आणि २००८ साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. कचरा वेचणाऱ्या भगिनीच्या हाती ओळखपत्र आले आणि वर्गीकरण केलेला माल मिळण्याची व्यवस्था शहरात रुजली. पिशवी शिवणाऱ्याच्या आधी कुणीतरी कचरा वेगळा करते, हे त्या शहराने मान्य केले.

धारावीतील चर्मकारांचा प्रयोग

मुंबईतील सुधीर राजभर यांच्या कामाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि धारावीतील अनेक चर्मकार कारागिरांच्या हाताला काम कमी पडू लागले. कला शाखेचे शिक्षण घेतलेल्या राजभर यांनी टाकाऊ टायर-रबरापासून बनविलेले ताव या कारागिरांच्या हाती दिले. चामड्यावर चालणारा हात रबरावरही चालतो, हे लवकरच सिद्ध झाले. साध्या, नेटक्या आकाराच्या या पिशव्या आज देशविदेशांतील प्रदर्शनांत दिसतात. ज्या जातिनामाचा वापर समाजाने शिवीसारखा केला तेच नाव त्यांनी आपल्या उद्योगाच्या पाटीवर अभिमानाने लिहिले.

कायद्यामागील भूमिका कितीही मान्य असली तरी त्यामुळे ज्यांच्या चुलीवर परिणाम होतो त्यांच्यासाठी पर्यायी काम उभे करणे हे समाजाचे कर्तव्य असते. ते कर्तव्य येथे एका तरुणाने आपल्या बळावर पार पाडले. समरसतेच्या व्याख्यानांनी जे साधायचे त्यातील मोठा भाग कारागिराला योग्य दाम आणि त्याच्या नावाला मान मिळाल्याने साधतो.

नावाचा मुद्दा आपल्या जिल्ह्यालाही लागू आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे समाविष्ट आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने तशाच घाटाची पादत्राणे सादर केली आणि त्यांच्या उगमाचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्रातून निषेध झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. आपल्या हातची वस्तू जगाच्या बाजारात किती मोलाची ठरू शकते आणि नाव नोंदविले नाही तर ती किती सहज दुसऱ्याची होते, हे दोन्ही त्या प्रसंगाने शिकविले.

हिशेबाची बाजू

आता हिशेब. समजा, एका पिशवीत अर्धा किलो टाकाऊ माल वापरला गेला. एखाद्या उद्योगाने वर्षाला एक लाख पिशव्या शिवल्या, तर एकूण ५० टन माल मार्गी लागला. देशातील वर्षाचा प्लास्टिक कचरा सुमारे ४१ लाख टन. या दोन आकड्यांची तुलना केली की पिशव्या शिवून देश स्वच्छ होईल हा भ्रम राहत नाही. तो भ्रम विकून माल खपविणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक ठरेल.

दुसरी गोष्ट अशी की पिशवी झाली म्हणून प्लास्टिक संपले नाही. ते आणखी काही वर्षे उपयोगात राहिले, इतकेच. सूत आणि प्लास्टिक एकत्र विणलेले कापड पुढे वितळवून पुन्हा वापरणे अधिकच कठीण असते. म्हणून ही पिशवी दहा वर्षे टिकली तरच तिचा अर्थ आहे. सहा महिन्यांत तिचा बंद तुटला, तर कचऱ्याचा केवळ पत्ता बदलला असे म्हणावे लागेल. आणि घरात चार पिशव्या असताना पाचवी केवळ ‘पर्यावरणपूरक’ म्हणून घेणे हेही वाकळ शिवणाऱ्या आजीला पटले नसते.

तिसरी गोष्ट मजुरीची. या धंद्यात कच्चा माल जवळजवळ फुकट मिळतो, म्हणून वस्तूही स्वस्त हवी, असे गिऱ्हाइकाला वाटते. प्रत्यक्षात खर्च सगळा हातांचा असतो. माल निवडणे, खिळे-कड्या काढणे, धुणे, वाळविणे, डाग चुकवून कापणे, शिवणे अशी कामे मिळून समजा एका दप्तराला चार तास लागले, तर त्या चार तासांचा रास्त मोबदला दप्तराच्या किमतीत यायलाच हवा. तो येत नसेल, तर दप्तर स्वस्त होते आणि त्याची उरलेली किंमत शिवणारी भगिनी आपल्या डोळ्यांनी आणि पाठीने भरते. नगावर मजुरी देताना धुण्या-वाळविण्याचे तास मोजलेच जात नाहीत, ही घरगुती कामाची जुनी खोट आहे. ती या नव्या उद्योगात शिरली तर निसर्गाचे भले करताना माणसाचे वाईट केल्याचे पाप लागेल.

येथे लिज्जत पापडाचे उदाहरण मार्गदर्शक आहे. १९५९ साली गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले. तेथे पापड लाटणारी प्रत्येक स्त्री ‘भगिनी’ आहे आणि संस्थेची सहमालकही आहे. पापड चांगला होता म्हणून खपला. बिचाऱ्या बायकांनी केला म्हणून कुणी घेतला नाही. दयेपोटी झालेली खरेदी एकदाच होते, गुणांवर झालेली पुन्हा पुन्हा होते.

कुपवाडला काय शक्य आहे?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची. त्याच्या वसाहतींपैकी एक कुपवाडला आली आणि १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. एका बाजूला ओतशाळा, यंत्रशाळा, सूत आणि प्लास्टिकचे कारखाने. दुसऱ्या बाजूला हळदीची पेठ, साखर कारखाने, द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड. असा शेजार फार थोड्या गावांना लाभतो. त्यामुळे टाकाऊ मालाची विविधताही येथे मोठी आहे.

पण सगळाच माल उपयोगाचा नाही. ओतशाळेची जळकी वाळू पिशवीच्या कामाची नाही, ती बांधकामाकडे जावी. तेलाने भिजलेल्या चिंध्या आणि रसायनांची पिंपे, बोऱ्या व अस्तरे यांना हातही लावू नये. २०१६ च्या नियमांनुसार घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे व अस्तरे हा घातक कचरा आहे आणि त्याची विल्हेवाट परवानाधारकाकडूनच व्हावी लागते. कीटकनाशकाच्या बोरीचे मुलाचे दप्तर झाले तर त्याची भरपाई कोणत्याही नफ्याने होणार नाही.

मग हाताशी राहतो तो स्वच्छ माल. प्लास्टिकचे दाणे ज्यांतून येतात त्या पांढऱ्या जंबो बॅगा आणि त्यांचे मजबूत बंद, मालवाहतुकीच्या ताडपत्र्या, माल आवळण्याचे पट्टे, ट्रकच्या ट्यूब, यंत्रमागाची कड आणि कातरण, साखरेची व हळदीची पोती, बेदाण्याच्या शेडवरील फाटकी हिरवी जाळी आणि निवडणुकांनंतर व वाढदिवसांनंतर चौकाचौकात लोंबणारे फ्लेक्स. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. ताडपत्रीला इस्त्री चालत नाही. तिला टाका लांब घ्यावा लागतो, कारण जवळजवळ टाके घातले की सुईच्या छिद्रांच्या ओळीवरच ती फाटते. तिला नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दणकट दोरा आणि जाड सुईचे मशीन लागते. फ्लेक्सला घडी पडली की तेथे चीर जाते. त्याच्या पिशवीत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. ट्यूबच्या रबराला पावडर आणि वंगण लागलेले असते, ते साबणाने नीट धुवावे लागते. जंबो बॅग उन्हात फार दिवस पडली तर तिचे धागे ठिसूळ होऊन भुगा पडतो, म्हणून ती छपराखाली साठवावी. आणि कोणत्याही परिस्थितीत उरलेले तुकडे पेटवू नयेत. पीव्हीसीचा थर जळाला की आम्लाचे वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. आजूबाजूच्या वस्तीतील लहान मुले तो धूर घेतात.

आरंभ कसा करावा? एका मालापासून. एखाद्या कारखान्याने ठरवावे की आपल्याकडील रिकाम्या जंबो बॅगा भंगाराच्या ढिगात न टाकता त्या झाडून, घडी घालून, छपराखाली ठेवून दरमहा एका ठरावीक दिवशी बचतगटाला द्यायच्या. यासाठी कारखानदाराला देणगी द्यावी लागत नाही. माल मळण्यापूर्वी वेगळा ठेवण्याची शिस्त तेवढी पाळावी लागते. बचतगटाने त्या बदल्यात प्रथम त्याच कारखान्याची गरज भागवावी. कामगारांचे जेवणाचे डबे नेण्याच्या पिशव्या, यंत्राजवळ हत्यारे ठेवण्याचे खिसेदार पट्टे, दिवाळीत ग्राहकांना देण्याच्या भेटवस्तूंची वेष्टने, अशी खात्रीची मागणी दारातच असते. तेथे शिलाई सुधारली, माप ठरले, बंद तुटेनासा झाला की मग पुण्या-मुंबईच्या शोभिवंत दुकानांचे दार ठोठवावे. डब्याच्या पिशव्या मात्र खाण्याशी संबंध येतो म्हणून कोऱ्या सुती अस्तरासहच शिवाव्यात.

या मार्गात निराशेचे दिवस येतील. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकऱ्यांना वाटे आणि दोन वर्षे नांगर विकला गेला नाही. लक्ष्मणराव शेतकऱ्यावर चिडले नाहीत, नांगर सुधारत राहिले. १९१० साली औंध संस्थानच्या ज्या माळावर त्यांनी कारखाना वसविला तो माळ निवडुंगाने भरला होता आणि आज त्याला किर्लोस्करवाडी म्हणतात. ती वाडी याच सांगली जिल्ह्यात आहे. ‘कचऱ्याची पिशवी’ म्हणून नाक मुरडणारे गिऱ्हाईक आजही भेटेल. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा पिशवी अधिक नेटकी शिवावी.

एकच कसोटी

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या उद्योगाचे मोठेपण किती टन कचरा वाचला या आकड्यात शोधू नये. तो आकडा लहानच राहणार आहे. माल मळण्यापूर्वी वेगळा ठेवण्याची सवय किती कारखान्यांना लागली, किती भगिनींना वर्षभर घराजवळ, पूर्ण तासांच्या मोबदल्याचे काम मिळाले आणि विकलेली पिशवी पाच वर्षांनी अजून कुणाच्या खांद्यावर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे दरवर्षी लिहून ठेवावीत. उत्तरे चांगली येत असतील तर काम वाढवावे, येत नसतील तर प्रामाणिकपणे दुरुस्त करावे.

आणि कारखानदार बंधूंना एक विनंती. पुढच्या वेळी कच्च्या मालाची मागणी नोंदविताना पुरवठादाराला विचारावे की हेच सामान परत घेता येईल अशा बोरीतून येईल काय. जी बोरी दहा वेळा परत जाते, तिचा कचराच होत नाही. त्यानंतरही जी उरेल ती बचतगटाच्या मशीनखाली यावी. आजीनेही लुगडे नेसण्याजोगे असेपर्यंत वाकळेत घातले नव्हते. विरले, तेव्हा घातले. तोच क्रम कुपवाडच्या कारखान्यांनी पाळावा. येत्या महिन्यात एका तरी कारखान्याच्या आवारात रिकाम्या बोऱ्यांसाठी एक छप्पर उभे राहिले आणि त्याखालून पहिला गठ्ठा एखाद्या बचतगटाच्या दारात पोचला, तर आजच्या सभेचे प्रयोजन सफल झाले असे समजता येईल.